खाली पाणी आहे, पण खारं : वऱ्हाडचा खारपाणपट्टा बदलत्या पावसाला कसं तोंड देतोय?

एप्रिल २०२३ मध्ये बाळापूरचे आमदार नितीन देशमुख अकोल्याहून नागपूरकडे पायी निघाले. सोबत कार्यकर्ते होते आणि आपल्या भागातलं खारं पाणी होतं. ते पाणी तेव्हाचे उपमुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांच्यापर्यंत न्यायचं आणि ६९ गावांच्या पाणीपुरवठा योजनेवरची स्थगिती उठवायला लावायची, असा बेत होता. नागपूरच्या वेशीवर पोलिसांनी यात्रा अडवली. दोन-चार दिवस बातम्या चालल्या, आरोप-प्रत्यारोप झाले आणि विषय मागं पडला.

राजकारण बाजूला ठेवलं तरी एक प्रश्न उरतो. समुद्र इथून शेकडो किलोमीटर दूर आहे. मग अकोल्यात खारं पाणी आलं कुठून? पाऊस दरवर्षी जास्तच लहरी होत असताना या पाण्यावर जगणाऱ्या गावांनी करायचं तरी काय?

खारपाणपट्टा म्हणजे नेमकं काय?

पूर्णा नदी मध्य प्रदेशातल्या बैतूल जिल्ह्यात, सातपुड्यात उगम पावते. अमरावती, अकोला, बुलडाणा असा प्रवास करत जळगाव जिल्ह्यात चांगदेवजवळ ती तापीला मिळते. (परभणीकडची पूर्णा वेगळी, ती गोदावरीची उपनदी.) या पूर्णेच्या दोन्ही अंगांना पसरलेला सपाट, काळ्याभोर मातीचा भाग म्हणजे खारपाणपट्टा. क्षेत्र सुमारे ४.७ लाख हेक्टर आणि गावं जवळपास ९००. भातकुली, दर्यापूर, मूर्तिजापूर, अकोट, तेल्हारा, बाळापूर, संग्रामपूर, जळगाव जामोद ही नावं दुष्काळाच्या किंवा पुराच्या बातम्यांत आलटून पालटून येतात, ती याच पट्ट्यातली.

जुन्या वऱ्हाडात या भागाला पयानघाट म्हणत. इंग्रजांच्या काळातल्या गॅझेटियरमध्ये पूर्णेच्या खोऱ्यातल्या मिठाच्या विहिरींची नोंद आहे. विहिरीतून खारं पाणी उपसायचं आणि आटवून मीठ काढायचं, हा इथं एके काळी धंदा होता. म्हणजे हा खारेपणा कुठल्या कारखान्यानं किंवा युरियाच्या पोत्यानं आणलेला नाही. तो जुनाच आहे.

पूर्वी इथं समुद्र होता, अशी एक समजूत ऐकायला मिळते. मृदाशास्त्रज्ञ मात्र वेगळ्या गोष्टींवर बोट ठेवतात. हे खोरं म्हणजे गाळानं भरलेली एक खोलगट परात आहे. उतार जवळपास नाही, निचरा अतिशय मंद. पाऊस वर्षाला साधारण ७०० ते ८५० मिलिमीटर, आणि तोही चार महिन्यांतच. उरलेले आठ महिने ऊन पाणी ओढून घेतं आणि क्षार मागं सोडतं. हजारो वर्षं हेच चालू आहे.

मातीचं काय होतं, हे समजून घेण्यासारखं आहे

इथं दोन वेगळ्या अडचणी एकत्र नांदतात आणि बातम्यांत त्यांची नेहमी सरमिसळ होते. पहिली, भूगर्भातलं पाणी खारं आहे. दुसरी, मातीत सोडियम जास्त आहे. अशा जमिनीला शेतकरी ‘चोपण’ म्हणतात.

चोपण जमिनीत सोडियममुळे चिकणमातीचे कण एकमेकांपासून सुटतात आणि मातीतली बारीक छिद्रं बुजवून टाकतात. पाऊस पडला की वरचा थर फुगतो, चिखल होतो, पण पाणी खाली उतरत नाही. वावरात तळं साचतं आणि पऱ्हाटी पिवळी पडते. मग आठ-दहा दिवस ऊन पडलं की तीच जमीन दगडासारखी टणक होते आणि तिला भेगा पडतात. पाणी जास्त झालं तरी नुकसान आणि कमी झालं तरी नुकसान, आणि दोन्ही एकाच हंगामात.

आता यात हवामान कुठून आलं? नागपूरच्या राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण व भूमी उपयोग नियोजन ब्युरोमधल्या डी. के. पाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पूर्णा खोऱ्यातल्या काळ्या मातीवर बरीच वर्षं काम केलं. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं : हवामान कोरडं असलं की मातीतलं कॅल्शियम चुनखडीच्या रूपात साकळून बसतं. कॅल्शियम बाजूला झालं की मातीच्या कणांवर सोडियमचं राज्य सुरू होतं. म्हणजे कोरडं हवामान स्वतःच जमीन चोपण करत जातं, त्यासाठी माणसानं चूक करायची गरज नाही.

अमरावती जिल्ह्यातल्या पेढी नदीच्या पाणलोटात याच गटाला एक गमतीची गोष्ट दिसली. डोळ्यांना सपाट वाटणाऱ्या शिवारातही किंचित उंच भागातली माती चोपण होती, तर किंचित खोलगट भागातली चांगली. कारण साधं आहे. खोलगट जागी पावसाचं पाणी थांबतं, मुरतं आणि क्षार खाली ढकलतं. उंच जागेवरचं पाणी वाहून जातं. थोड्याशा उंचीच्या फरकानं जर मातीचं नशीब बदलत असेल, तर पावसाचं गोडं पाणी वावरात मुरणं हाच इथं जमिनीचा मुख्य इलाज आहे, हे त्यातून उघड होतं.

आणि नेमका तोच पाऊस बदलतोय.

पाऊस तेवढाच, पण पडतो कसा?

पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतले रॉक्सी मॅथ्यू कोल आणि इतर शास्त्रज्ञांनी २०१७ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. १९५० ते २०१५ या काळात मध्य भारताच्या पट्ट्यात, मोठ्या भूभागावर एकाच वेळी अतिवृष्टी होण्याच्या घटना तिपटीनं वाढल्या, असा त्याचा निष्कर्ष होता. याच काळात मध्य भारतातला मोसमी पाऊस एकूणात मात्र घटत गेल्याचं त्यांनी नोंदवलं.

वऱ्हाडानं याचं प्रात्यक्षिक २०२३ च्या खरिपात पाहिलं. जुलैच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात तेल्हारा, संग्रामपूर, जळगाव जामोद भागात ढगफुटीसारखा पाऊस झाला, नदी-नाल्यांना पूर आले आणि वावरं खरडून गेली. त्याच्या पाठोपाठ आलेला ऑगस्ट हा देशपातळीवर १९०१ पासूनचा सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला. आधी पंचनामे पुराचे झाले आणि मग चर्चा दुष्काळाची. हंगामाची सरासरी काढली तर कागदावर यातलं फारसं काही दिसतही नाही!

त्यात भर उन्हाळ्याची. मे २०२४ मध्ये अकोल्याचा पारा ४५ अंशांच्या वर गेला तेव्हा जिल्हा प्रशासनानं उष्णतेसाठी जमावबंदीचं कलम १४४ लावलं. आस्थापनांनी कामगारांना पाणी आणि सावली द्यावी, शिकवणी वर्ग भर दुपारी घेऊ नयेत, असे ते आदेश होते. दंगलीसाठी ओळखलं जाणारं कलम उन्हासाठी वापरायची वेळ आली, यावरून काय ते समजावं.

मग विहीर खणून का भागत नाही?

हवामान बदलाबद्दल बोलताना दोन शब्द येतात. एक म्हणजे उत्सर्जन कमी करणं. दुसरा अनुकूलन, म्हणजे जे बदल होणारच आहेत त्यांच्याशी जुळवून घेणं. महाराष्ट्रात कोरडवाहू शेतीच्या अनुकूलनाचा नेहमीचा नुस्खा ठरलेला आहे : विहीर किंवा बोअर घ्या, सोलर पंप बसवा, ठिबक लावा. खंड पडला तर पीक वाचवा.

खारपाणपट्ट्यात हा नुस्खा उलटतो. इथलं भूगर्भातलं पाणी पिकाला दिलं तर पहिल्या एक-दोन हंगामांत हरभरा तरारून येतोही. पण प्रत्येक पाण्याबरोबर थोडा सोडियम मातीत मुक्कामाला राहतो. काही वर्षांत जमीन आणखी चोपण होते, पाणी मुरणं आणखी कमी होतं आणि पुढचा पाऊस आणखी वाया जातो. दुष्काळातून वाचण्यासाठी केलेला उपाय पुढच्या दुष्काळाची तयारी करून ठेवतो. म्हणूनच विहिरीचं पाणी पिकाला द्यायच्या आधी त्याची आणि मातीची तपासणी करा, असं कृषी शास्त्रज्ञ वारंवार सांगतात.

राहतं फक्त वरून पडणारं पाणी. ते गोडं आहे. अट एकच, ते खालच्या खाऱ्या पाण्यात मिसळायच्या आत पकडलं पाहिजे.

शेततळं : इथं मातीचा दोषच कामाला येतो

इतर ठिकाणी शेततळ्यात प्लास्टिकचं अस्तर टाकावं लागतं, नाहीतर पाणी झिरपून जातं. खारपाणपट्ट्यात जी चिकणमाती पिकाची वैरी आहे, तीच तळ्याचा तळ बनते. पाणी फारसं मुरत नसल्यानं अस्तराशिवायही ते टिकतं आणि अस्तराचा मोठा खर्च वाचतो. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठानं या पट्ट्यासाठी शेततळ्यांवर भर दिला तो यामुळे. फक्त तळं फार खोल नेलं आणि खालच्या खाऱ्या थराला भिडलं, की सगळं मुसळ केरात.

आकडेमोड करून पाहू. ३० मीटर लांब, ३० मीटर रुंद आणि ३ मीटर खोल अशा उतरत्या काठांच्या तळ्यात सुमारे २,२०० घनमीटर, म्हणजे २२ लाख लिटर पाणी मावतं. एका हेक्टरला पाच सेंटिमीटरचं एक पाणी द्यायला ५०० घनमीटर लागतं. बाष्पीभवनात निम्मं गेलं असं धरलं, तरी दोन हेक्टर हरभऱ्याला तुषार संचानं एक संरक्षित पाणी मिळतं. उन्हाळी पिकाचं यात काही खरं नाही. पण ऑगस्टच्या खंडात सोयाबीन किंवा घाटे भरताना हरभरा, यांना मिळालेलं हे एक पाणी पीक घरात येणार की नाही ते ठरवतं.

आता दुसरी बाजू. हे तळं नुसत्या तोंडाशी नऊ गुंठे जागा खातं, बांध आणि काढलेली माती धरली तर त्याहून बरीच जास्त. ज्याच्याकडे दोनच एकर आहेत, त्यानं दहाव्या हिश्शाहून अधिक वावर पाण्याखाली घालायचं? राज्य सरकारनं २०१६ मध्ये ‘मागेल त्याला शेततळे’ योजना आणली तेव्हा अनुदान जास्तीत जास्त ५० हजार रुपये होतं. जमीन किती गेली, याची भरपाई कुठल्याच रकान्यात नव्हती.

तळ्याव्यतिरिक्त जे उपाय आहेत ते कमी दिखाऊ आहेत. रुंद वरंबा सरी पद्धतीत, ज्याला गावात सगळे ‘बीबीएफ’च म्हणतात, पीक उंच वरंब्यावर असतं आणि दोन्ही बाजूंना सरी. पाऊस धो-धो आला तर सरीतून पाणी निघून जातं, खंड पडला तर सरीत मुरलेली ओल उपयोगी पडते. २०२३ सारख्या वर्षात दोन्ही बाजूंनी सांभाळणारी ही पद्धत आहे आणि तिला जमीनही द्यावी लागत नाही. उताराला आडवी पेरणी, बोरू किंवा धैंच्याचं हिरवळीचं खत, आणि माती परीक्षणानुसार जिप्सम हेही त्यातलेच. जिप्सममधलं कॅल्शियम सोडियमची जागा घेतं. पण सुटा झालेला सोडियम खाली वाहून जायला चर काढलेले नसतील तर जिप्समचे पैसे पाण्यात.

बियाण्याचाही विषय आहे. २००२ मध्ये बीटी कपाशी आली आणि देशी कापूस जवळपास हद्दपार झाला. खोल सोटमूळ असलेला हा कापूस पाण्याचा ताण जास्त सोसतो. अकोला विद्यापीठाचे ‘एकेए’ मालिकेतले देशी वाण आजही आहेत. मात्र देशी कापसाचा धागा आखूड, त्यामुळे जिनिंगवाला भाव देताना हात आखडतो. वाण हवामानाला तगणारं असून चालत नाही, ते बाजारालाही तगावं लागतं.

पोकरा : पैसा आला, पण आधी कुणाच्या खिशातून?

या सगळ्याला मोठा निधी मिळाला तो २०१८ मध्ये. जागतिक बँकेच्या कर्जातून आणि राज्याच्या वाट्यातून सुमारे ४ हजार कोटींचा ‘नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्प’ सुरू झाला. बोलीभाषेत पोकरा. सुरुवातीला १५ जिल्ह्यांतली ५,१४२ गावं निवडली गेली. त्यात मराठवाडा-विदर्भातल्या दुष्काळी गावांबरोबर पूर्णा खोऱ्यातली ९०० हून अधिक खारपाण गावं वेगळी धरली होती. महाराष्ट्रात हवामान अनुकूलनाच्या नावानं एवढ्या मोठ्या प्रमाणावर झालेलं हे पहिलंच काम म्हणता येईल. या पट्ट्याला ‘दुष्काळी’च्या सरसकट खात्यात न टाकता त्याचा वेगळा विचार झाला, ही त्यातली खरी जमेची बाजू.

गावानं आधी पाण्याचा ताळेबंद मांडायचा : पाऊस किती, वाहून किती जातो, पिकांना किती लागतो. त्यासाठीची पद्धत आयआयटी मुंबईच्या मदतीनं तयार झाली. मग ग्राम कृषी संजीवनी समितीनं आराखडा ठरवायचा. वैयक्तिक लाभासाठी दोन हेक्टरपर्यंतच्या शेतकऱ्याला ७५ टक्के आणि दोन ते पाच हेक्टरवाल्याला ६५ टक्के अनुदान, थेट बँक खात्यात.

कागदावर यात खोट काढणं अवघड आहे. अडचण क्रमात आहे. आधी पूर्वसंमती, मग शेतकऱ्यानं स्वतःच्या पैशानं खरेदी, मग मोक्यावर तपासणी आणि शेवटी अनुदान. भ्रष्टाचार टाळायला हा क्रम चांगला. पण ज्याच्या हातात पेरणीच्याच वेळी पैसा नसतो, त्यानं संचाची पूर्ण किंमत आधी मोजायची कशी? एक तर कृषी केंद्रवाला उधारीवर देतो, नाहीतर सावकार आहेच. अमरावती, अकोला, यवतमाळ, वाशिम, बुलडाणा आणि वर्धा या सहा जिल्ह्यांसाठी २००६ मध्ये पंतप्रधान पॅकेज द्यावं लागलं होतं, ते शेतकरी आत्महत्यांमुळे. अशा भागात ‘आधी खर्च करा, मग घ्या’ ही अट सगळ्यांना सारखी लागू होत नाही.

दुसरा गट तर दारातच अडतो. वऱ्हाडात ठोक्यानं वावर करणारे खूप आहेत. सातबारा मालकाच्या नावावर, घाम ठोकेदाराचा. शेततळं असो की तुषार संच, अर्ज सातबाऱ्यावर होतो. मालक अमरावतीत किंवा पुण्यात असेल तर त्याला तळ्यात रस नाही, आणि ठोकेदारानं दुसऱ्याच्या जमिनीत जिप्सम तरी का टाकावं? पुढच्या वर्षी ते वावर त्याच्याकडे असेलच असं नाही. भूमिहीनांसाठी पोकरात शेळीपालन, परसातल्या कोंबड्या असे घटक होते. पण जमीन सुधारण्याच्या कामात कसणारा गैरहजर राहिला.

आता पोकराचा दुसरा टप्पा आला आहे. २१ जिल्ह्यांतल्या ७ हजारांहून अधिक गावांसाठी. गावं वाढली आहेत. आधी पैसे कुणी घालायचे, याचं उत्तर गावपातळीवर काय निघतं ते महत्त्वाचं.

पिण्याच्या पाण्याचं वेगळंच गणित

शेतीचं पाणी वर्षभर थांबू शकतं, तहान नाही. पट्ट्यातल्या गावांना गोडं पाणी बाहेरून आणावं लागतं. तेल्हारा तालुक्यात सातपुड्याच्या पायथ्याशी वान धरण आहे. त्यावरची ८४ खेडी योजना हे इथलं सर्वांत ओळखीचं नाव. पण धरण एक आणि मागणारे अनेक. वानचं पाणी बाळापूरकडे न्यायचं ठरलं तेव्हा तेल्हारा-अकोटच्या शेतकऱ्यांनी सिंचनाचं पाणी कमी होईल म्हणून विरोध केला. सुरुवातीला ज्या ६९ गावांचा उल्लेख आला, तो वाद हाच. दोन्ही बाजूंना खारं पाणी कोळून प्यायलेली माणसं आहेत, त्यामुळे इथं कुणा एकाला खलनायक ठरवता येत नाही.

बांगलादेशच्या खुलना-सातखीरा भागात समुद्रामुळे पाणी खारं झालंय. तिथली कुटुंबं छतावरचं पावसाचं पाणी टाक्यांत साठवून कोरडे महिने काढतात. वऱ्हाडात घराघरावर टिनपत्रे आहेत, पाऊस तिथल्यापेक्षा कमी आहे, पण चार जणांच्या पिण्यापुरता पुरेसा आहे. ही गोष्ट इथं सरकारी योजनांत बहुतेक वेळा तोंडी लावण्यापुरतीच येते.

कालवा आला की सुटेल का?

पट्ट्याच्या उत्तरेला, सातपुड्याच्या पायथ्याशी चित्र अगदी उलटं आहे. तिथं दगड-गोट्यांची, पाणी भराभर पिणारी जमीन आहे आणि भूजल गोडं आहे. वरुड-मोर्शीच्या संत्रा बागा त्यावर उभ्या राहिल्या आणि उपसा इतका झाला की हे तालुके अतिउपशाच्या यादीत गेले. पायथ्याची ही जमीन पुन्हा भरायची, या कल्पनेवर तापी महापुनर्भरण प्रकल्प बेतलेला आहे. त्यासाठी महाराष्ट्र आणि मध्य प्रदेशात १० मे २०२५ रोजी भोपाळमध्ये करार झाला.

याहून मोठी घोषणा आहे वैनगंगा–नळगंगा नदीजोडची. ऑगस्ट २०२४ मध्ये राज्य मंत्रिमंडळानं मान्यता दिलेला हा ४२६ किलोमीटरचा जोडकालवा नागपूर, वर्धा, अमरावती, यवतमाळ, अकोला आणि बुलडाणा या सहा जिल्ह्यांतून जाणार आहे. खर्च ८८ हजार कोटींच्या वर, सिंचन ३ लाख ७१ हजार हेक्टर. सिंचनाचा अनुशेष सोसलेल्या वऱ्हाडात याचं अप्रूप वाटणं स्वाभाविक आहे. पूर्णेवरच्या घुंगशी आणि नेरधामणा बॅरेजची कामं किती वर्षं रेंगाळली, हे पाहिलेली मंडळी मात्र जरा जपूनच आनंद करतात.

कालव्याचं पाणी गोडं असेल, हे खरं. तरी चोपण मातीत ते मुरणार कमी आणि साचणार जास्त. निचरा नसेल तर खालची खारी पातळी हळूहळू वर येते. महाराष्ट्राला हे नवं नाही. सांगली-कोल्हापूरच्या कृष्णाकाठी उसाला पाणी मुबलक मिळालं आणि हजारो हेक्टर जमीन क्षारपड होऊन बसली. आज तिथं जमिनीखाली सच्छिद्र पाइप टाकून निचरा करायची कामं चालली आहेत, एकरी मोठा खर्च करून. पूर्णेच्या खोऱ्यात कालवा पोचायला अजून बरीच वर्षं आहेत. निचऱ्याचे चर आणि पाइप त्याच आराखड्यात, त्याच अंदाजपत्रकात धरले जातात का, हे भातकुली-दर्यापूरच्या शेतकऱ्यानं आत्ताच विचारायला हवं.